पाटकरीण

सेनाइदा पाटकऱ्याच्या निवडणुकीला उभी राहिली ती भावाच्या एका वाक्यामुळे. बेलार्मिनो हे वाक्य दर वसंतात कोणा ना कोणाला ऐकवायचा, आणि ते ऐकून आजवर कोणी काही केलं नव्हतं.

ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते. त्या दिवसांत दर शुक्रवारी आर्चिबेके घराण्यातले सगळे बेलार्मिनोकडे जेवत. मटण नसायचं, पण त्यावाचून कोणाचं अडतही नसे. बेलार्मिनोच्या बायकोने, ओर्लिंदाने, लाल मिरचीच्या रश्शात अंड्याच्या वड्या सोडल्या होत्या, घेवडा शिजवला होता, आणि मोड आलेल्या गव्हाची गोड पनोचा भट्टीतून नुकतीच बाहेर आली होती. टेबलाच्या टोकाला बेलार्मिनो, त्याच्या उजव्या हाताला धाकटा ओनोफ्रे, आणि समोर मधली बहीण सेनाइदा. तीस वर्षं अल्बुकर्कीला शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत काढून ती लोस सिरुएलोस या आपल्या गावी परत आली, तेव्हा ही आता ओसरीत बसून विणकाम करणार असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. ती आली आणि तिने जमीन नांगरायला घेतली.

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा बेलार्मिनोला बंधाऱ्याजवळचा तुकडा आला, ओनोफ्रेला मधला, आणि सेनाइदाला अगदी खालचा, जिथं पाट संपतो तो. पोरगी शहरात आहे, तिला काय करायचंय पाण्याचं, असा तेव्हाचा हिशेब.

"गेल्या जूनमध्ये माझ्याकडे पाणी आलंच नाही," सेनाइदा म्हणाली. "पाळी माझी. मी फावडं घेऊन उभी. आणि पाटात काय, तर एक बेडूक. तोही बिचारा निघायच्या तयारीत."

ओनोफ्रे फिस्सकन हसला. मग मोठ्या भावाचा चेहरा बघून त्याने हसू घेवड्याबरोबर गिळून टाकलं.

"बर्फ कमी पडलं होतं," बेलार्मिनो म्हणाला.

"बंधाऱ्यातून पाणी सुटलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाणी उताराने जातं, सेनाइदा. माझ्या हुकमाने नाही."

"उतार तर सगळा माझ्याकडेच आहे. मग वाटेत ते मुक्काम कुठं करतं?"

कुठं करतं ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फिदेलिनोच्या लसूणघासात. फिदेलिनो हा बेलार्मिनोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे त्याचा कोम्पाद्रे. बेलार्मिनो लबाड नव्हता. पण फिदेलिनो पाटावर येऊन "कोम्पाद्रे, अजून थोडंसंच" म्हणाला, की त्याला नाही म्हणवत नसे. आणि त्या थोड्याशात खालच्या अंगाची पाळी बुडायची.

बेलार्मिनोने तोर्तियाचा तुकडा रश्शात बुडवला आणि ते वाक्य टाकलं. "एवढी तक्रार असेल तर सभेला ये. वर्षातून एकदा भरते, सगळ्यांना उघडी असते. घरात बसून सरकारला नावं ठेवणं सोपं आहे."

"सरकार?"

"मग? पाट म्हणजे सरकारच. कायद्याने. समिती आहे, अध्यक्ष आहे, मतदान आहे, पाणी वाटायला पाटकरी आहे."

"आणि पाटकरी तू."

"लोक निवडतात मला."

"तुझ्यासमोर उभं कोण राहतं?"

"कोणी राहत नाही, त्याला मी काय करू? अडवलंय का मी कोणाला?" आणि त्याने पनोचाचं भांडं पुढे ओढलं. त्याच्या लेखी विषय संपला होता.

सेनाइदा भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग ओर्लिंदा आली, तिने दार पायाने लोटलं आणि नळ मोठा सोडला.

"उभी राहा," ती म्हणाली.

"काय?"

"हळू बोल. निवडणुकीला. उभी राहा."

सेनाइदाने भावजयीकडे पाहिलं. ओर्लिंदा ताटं घासत होती, तोंडावरची रेष हललेली नाही, जणू साबण संपलाय एवढंच सांगतेय.

"वहिनी, तो तुमचा नवरा आहे."

"म्हणून तर सांगते. त्याचा खुबा गेलाय. बसला की उठवत नाही, उठला की बसवत नाही. पण एप्रिल लागला की पहाटे फावडं घेऊन निघतो, तो दुपारी चिखलाचा पुतळा होऊन येतो. मुलगी तूसॉनहून बोलावून बोलावून थकली. हा म्हणतो, पाट सोडून कसा येऊ? जसं काय पाटाला कोणी पळवून नेणार आहे." तिने एक वाडगा जरा जोरातच आपटला. "स्वतःहून तो सोडणार नाही. मरेपर्यंत नाही. त्याला कोणीतरी हरवायला पाहिजे. आणि परक्याने हरवलं तर तो जिवाला लावून घेईल. घरातल्या घरात झालेलं बरं."

"मला काय येतं त्यातलं?"

"तीस वर्षं बसगाड्या हाकल्यास ना? गाड्या काय आणि पाणी काय, वेळेवर पोचवायचं." ओर्लिंदाने हात पुसले. "माझ्या बापाच्या जमिनीचं एक मत माझ्या नावावर आहे. ते तुझं. फक्त हात वर करायला लावू नकोस गं. सभेनंतर मला याच घरी जेवायचंय."

घरी जाताना सेनाइदाला स्वतःचंच हसू येत होतं. मग तिने गाडी आपल्या फाटकाशी थांबवली, वाळलेल्या आलुबुखाराच्या झाडांकडे पाहिलं, आणि हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी तिने पाटाची नियमावली मागवून घेतली. कोणाही हक्कदाराने मागणी केली आणि दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तर मतदान चिठ्ठीने घ्यावं, असं त्यात साफ लिहिलं होतं. आजवर मागणी कोणी केलीच नव्हती.

मग ती घरोघर हिंडली. खालच्या अंगाला फार सांगावं लागलं नाही. तिथल्या बायकांनी तर तिला कॉफीवर बसवून स्वतःच जुनी गाऱ्हाणी काढली. वरच्या अंगाला मात्र लोक दारातच तिची विचारपूस करायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि हळूच आत जायचे. राहिला मधल्या तुकड्याचा ओनोफ्रे.

"माझं मत तुझंच गं!" ओनोफ्रेने छातीवर हात ठेवला. "सांगायला कशाला पाहिजे? माझ्याकडे तरी कुठं धड पाणी येतं?"

सेनाइदाने आणलेली जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी त्याने दोन्ही हातांनी घेतली. निघताना तिचं लक्ष त्याच्या ओसरीकडे गेलं. फोडलेल्या पिन्योनच्या लाकडांची छातीएवढी रास रचलेली होती.

"हे कोणी दिलं?"

"हे होय? बेलार्मिनोने. काल असंच टाकून गेला."

"असंच?"

"भाऊ आहे तो माझा," ओनोफ्रे दुखावल्या आवाजात म्हणाला. "भावाने भावाला चार लाकडं देऊ नयेत का?"

"आणि त्याला काय सांगितलंस?"

ओनोफ्रेने बरणीचं झाकण फिरवून बघितलं. "तुझा मुरंबा दरवर्षी इतका सुंदर कसा होतो?" त्याने विचारलं.

बेलार्मिनो स्वतः आला तो सभेच्या आदल्या दिवशी. पिकअपमधून उतरला नाही. काच खाली करून फाटकाबाहेरच थांबला.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"मला आधी सांगायचंस."

"तूच म्हणालास, कोणाला अडवलं नाही."

"म्हणायचं असतं तसं!" तो एकदम तडकला. मग स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. "पाटावर घुशीचं एकेक बीळ मला माहीत आहे, सेनाइदा. बांध कुठं पाझरतो, कोणती फळी फुगते. तुला काय माहीत आहे?"

"पाटाच्या शेवटी काय होतं ते."

त्याने काच वर केली. मग पुन्हा खाली केली. "ओर्लिंदाने तुला कांदे पाठवलेत," असं म्हणून त्याने एक पिशवी फाटकावर अडकवली आणि निघून गेला.

सभा चर्चच्या हॉलमध्ये भरली. एरवी दहाबारा टाळकी जमायची, तीही कॉफीसाठी. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर कोणी घरी गेलंच नाही. खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्ष अब्रानने चष्मा पुसून लोकांकडे पाहिलं, आणि आपण चुकून कोणाच्या लग्नात तर आलो नाही ना, असं त्याला वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं.

मागच्या सभेचा वृत्तांत झाला, बंधाऱ्याच्या डागडुजीचं झालं. मग पाटकऱ्याचा विषय आला. फिदेलिनोने उठून बेलार्मिनोचं नाव सुचवलं, आणि बसताना आजूबाजूला असं पाहिलं, की आता टाळ्या वाजवून मोकळं व्हा. खालच्या अंगाच्या दोन बायकांनी एकदमच सेनाइदाचं नाव घेतलं. हॉलमध्ये खुसखुस झाली.

सेनाइदा उठली. "मतदान चिठ्ठीने व्हावं अशी माझी मागणी आहे."

"आजवर हात वर करून झालंय, सेनाइदाबाई," अब्रान म्हणाला. "आपण सगळे घरचेच."

"म्हणूनच."

"अनुमोदन कोण देतं?"

कोणी हललं नाही. ओर्लिंदा आपल्या पर्समध्ये जगबुडी झाल्यासारखं काहीतरी शोधत होती. शेवटी मागच्या रांगेतून एक लांबलचक हात वर आला. शिकागोहून येऊन टेकडीवर घर बांधलेला दातांचा डॉक्टर विटलॉक. नियमावली गावात इमानाने वाचणारा तो एकटाच, आणि त्यासाठी तो कोणालाच आवडत नसे.

"कलम अकरा," विटलॉक आनंदाने म्हणाला. "माझं अनुमोदन. मी सहा वर्षं वाट बघतोय हो याची!"

उमेदवारांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. बेलार्मिनो खुर्चीला धरून उठला. ठेवणीतला कोट, गळ्यात निळ्या खड्याची चामडी दोरी. "मी काय बोलू?" तो म्हणाला. "मला तुम्ही ओळखता. तुमचा पाट मी ओळखतो." आणि तो बसला. वाईट बोलला नाही, असं सेनाइदालाही वाटलं.

"बसच्या कचेरीत होते तेव्हा," तिने सुरुवात केली, "गाडीला उशीर झाला की पहिल्या थांब्यावरचं पोर शाळेत पोचायचं आणि शेवटच्या थांब्यावरचं थंडीत उभं राहायचं. दरवेळी तेच पोर. म्हणून आम्ही एक वर्ष उलटं केलं. शेवटच्या थांब्यापासून सुरू. गाड्या त्याच, ड्रायव्हर तेच. पण आरडाओरडा करणारे पालक बदलले." थोडा हशा झाला. "माझं एवढंच म्हणणं आहे. पाण्याची पाळी खालून सुरू करायची आणि वर वर यायचं."

"म्हणजे पाणी डोंगरावर चढवणार म्हणा की!" फिदेलिनो ओरडला. वरचं अंग खो-खो हसलं.

"पाणी खालीच येईल, डॉन फिदेलिनो. पाळी तेवढी वर चढेल. आणि ती तुमच्या लसूणघासाशी पोचेल तेव्हा खालच्या सगळ्यांचं भिजून झालं असेल, मग तुम्ही मागाल तेवढं थोडंसं मी खुशाल देईन."

यावर मात्र खालच्या अंगाने असा गदारोळ केला, की अब्रानला कॉफीचा रिकामा डबा टेबलावर आपटावा लागला. त्याच डब्यात मग चिठ्ठ्या गोळा झाल्या.

अब्रान एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचत होता. बेलार्मिनो. बेलार्मिनो. सेनाइदा. बेलार्मिनो. सेनाइदा. विटलॉक मागे उभा राहून बोटांवर मोजत होता. सेनाइदाने खिडकीबाहेर बघायचं ठरवलं होतं, पण डोळे डब्यावरून हटेनात. एक चिठ्ठी अब्रानने दोनदा वाचली, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचली.

"यावर लिहिलंय, 'दोघंही चांगले आहेत'."

हॉलमधलं एकेक डोकं ओनोफ्रेकडे वळलं. ओनोफ्रे छताचे वासे मोजत होता.

"बाद," विटलॉक म्हणाला. "कलम बारा."

शेवटी बेलार्मिनोला पंधरा, सेनाइदाला सोळा.

टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या. कोणीतरी बिस्कोचितो बिस्किटांचं ताट फिरवायला घेतलं. फिदेलिनोने हॅट डोक्यावर दाबली आणि कोणाशी न बोलता गेला. या सगळ्यातून सुटून सेनाइदा बाहेर आली तेव्हा बेलार्मिनो पिकअपला टेकून उभा होता. ती जवळ गेली. तिच्या मनात चार चांगली वाक्यं तयार होती.

"तू कोणाला दिलंस?" त्याने आधीच विचारलं.

"काय?"

"मत. तू तुझं मत कोणाला दिलंस?"

"मला."

"स्वतःला?" त्याला खरोखरच धक्का बसला होता. "स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलंस?"

"मग काय फिदेलिनोचं लिहू?"

"बाबा अठरा वर्षं समितीवर होते. एकदाही स्वतःला मत दिलं नाही त्यांनी. समोरच्याला द्यायचे. माणसाने थोडी रीत पाळावी."

"बाबांच्या समोर कधी कोणी उभं तरी—" ती मध्येच थांबली. "बेलार्मिनो. तू कोणाला दिलंस?"

त्याने बुटाच्या टाचेने जमीन उकरली.

"माझं नाव लिहिलंस?"

"रीत आहे ती," तो पुटपुटला.

सेनाइदाने मनातल्या मनात आकडे इकडचे तिकडे करून पाहिले. सोळा आणि पंधरा. पंधरा आणि सोळा. इतकी दारं झिजवली, कलमं पाठ केली, आणि शेवटी निवडून आली ती भावाच्या सभ्यपणावर!

"म्हणजे तू स्वतःला दिलं असतंस तर…"

"मोजता मलाही येतं."

"पुन्हा घेऊया का मतदान? मी अब्रानला सांगते."

"वेडी आहेस का? ओर्लिंदाला पुन्हा तुझं नाव लिहायचा त्रास कशाला?"

सेनाइदाचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कसं कळलं?"

"निघताना तिने माझी गळ्यातली दोरी नीट केली. लग्नाच्या दिवशी केली होती, त्यानंतर आज." तो गाडीत चढला. खुब्याला हात लावून, दात आवळून, तीन हिसक्यांत. "बंधाऱ्याच्या कुलपाची किल्ली उद्या ओनोफ्रेबरोबर पाठवतो," एवढं बोलून त्याने गाडी सुरू केली. ओर्लिंदा धावत बाहेर आली तोवर गाडी वळणावर गेली होती.

"मला न घेता गेला," ती म्हणाली.

"त्याला माहीत आहे, वहिनी."

"अगं बाई." ओर्लिंदाने पर्स छातीशी धरली. मग थोडा विचार केला. "आज मी तुझ्याकडे जेवते."

पुढच्या शुक्रवारी बेलार्मिनोकडे पंगत झाली नाही. डोकं दुखतंय असा निरोप आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी खुबा दुखत होता. ओनोफ्रे दोन्ही घरी जेवून यायचा आणि दोन्ही घरी दुसरीकडची खबर सांगायचा. भाऊ दिवसभर टीव्हीसमोर बसतो आणि हवामानाच्या बातम्यांशी भांडतो, असं त्याच्याकडून कळलं. ओर्लिंदाने फोनवर सांगितलं, "बोलतो माझ्याशी. पण मीठ दे, दार लाव, एवढंच." सेनाइदाला वाटायचं आपण जावं. पण जाऊन काय म्हणणार? माफ कर, म्हणावं तर तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही, म्हणावं तर तेही खरं नव्हतं.

पाटाच्या साफसफाईचा दिवस उजाडला तो वाऱ्याचा. फावडी घेऊन माणसं बंधाऱ्याशी जमली. प्रत्येक हक्कदाराने एक माणूस द्यायचा किंवा स्वतः यायचं, हा नियम. सेनाइदाने काठीने लांबी मोजून एकेकाला त्याचा टप्पा नेमून द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिने टप्पे इतके लांब पाडले, की निम्मी माणसं उरली आणि पाट संपला अशी गत झाली. मग परत येऊन सगळं नव्याने मोजलं. लोक फावड्यावर हनुवटी टेकवून मजा बघत होते. तेवढ्यात रांगेच्या शेवटी एक माणूस हळूहळू चालत येऊन उभा राहिला. जुनी हॅट, खांद्यावर फावडं.

लोकांनी फावड्यांवरून हनुवट्या उचलल्या.

"हक्कदार बेलार्मिनो आर्चिबेके," तो समोर बघत म्हणाला. "माझा टप्पा कोणता?"

सेनाइदाने काठी टेकवली. खुब्याकडे बघून त्याला लहान टप्पा द्यावा असं मनात आलं, आणि तसं केलं तर तो जन्मात बोलणार नाही हेही कळलं. "त्या विलोच्या झाडापासून त्या दगडापर्यंत," ती म्हणाली. सगळ्यांएवढाच.

दुपारपर्यंत ती पाटाच्या काठाने वर-खाली करत काम तपासत होती. बेलार्मिनोच्या टप्प्याशी आली तेव्हा त्याने तळ चांगला काढला होता, पण वाकता येत नसल्यामुळे एका बाजूची मुळं तशीच राहिली होती. ती बघत उभी राहिली. त्यानेही बघितलं.

"मुळं," ती म्हणाली.

"दिसतायत मला."

"काढावी लागतील."

तो एक हुंकार देऊन पुन्हा खाली उतरला. शेजारच्या टप्प्यावर फिदेलिनो हे सगळं ऐकत होता. त्याने वरवर माती उकरून काम आवरलं होतं. सेनाइदा त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, "हे पण पुन्हा."

"पुन्हा? पंचवीस वर्षं असंच करतोय मी! कोम्पाद्रे, सांगा हो हिला काहीतरी!"

पाटातून बेलार्मिनोचं नुसतं डोकं वर आलं. घामाने लालबुंद. "मी काय सांगू?" तो म्हणाला. "मला कुठं उभं केलंय ते दिसत नाही का? खणा गुपचूप."

फिदेलिनोने खणलं.

पाणी सोडायची वेळ आली तेव्हा सगळे बंधाऱ्याशी गोळा झाले. सेनाइदाने कुलूप काढलं, दाराचं लोखंडी चाक धरलं आणि फिरवलं. चाक हललं नाही. तिने पाय रोवून जोर लावला. मागे कोणीतरी खोकलं. दोन तरुण पुढे सरसावले, तिने त्यांना हातानेच थांबवलं. मग मान वळवून तिने गर्दीत शोधलं.

"बेलार्मिनो, हे कसं उघडतं रे?"

तो हॅट सावरत पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर पसरत चाललेलं समाधान त्याला लपवता येत नव्हतं. "सकाळपासून वाट बघतोय, कधी विचारतेस त्याची," तो म्हणाला. "आधी उलटं फिरव. अर्धा आटा. आता खाली लाथ मार. तिथं नाही, बिजागरीला. जरा जीव लावून मार, फिदेलिनो आहे असं समज."

तिने लाथ मारली. दार करकरलं, खालून फेस उसळला, आणि पाणी पाटात शिरलं.

पहिलं पाणी वाळकी पानं, काटक्या, सगळा हिवाळा पुढे ढकलत जातं. ते कुठं तुंबू नये म्हणून दाताळं घेऊन त्याच्या पुढे पुढे चालावं लागतं. सेनाइदा चालू लागली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की पलीकडच्या काठावरून बेलार्मिनोही चालतोय, लंगडत, दाताळ्याने काटक्या बाहेर फेकत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने परत जा म्हटलं नाही.

"इथं बीळ आहे," तो मध्येच ओरडायचा. "इथं बांध पाझरतो. लक्षात ठेव."

"ठेवलं."

"लिहून घे."

"लक्षात राहतं माझ्या."

"बसगाड्या नाहीत या!"

फिदेलिनोचा लसूणघास मागे पडला, ओनोफ्रेची ओसरी मागे पडली. ओनोफ्रेने ओसरीतून दोघांनाही सारखाच हात हलवला. माणसं एकेक करून गळत गेली. सेनाइदाच्या फाटकाशी पोचले तेव्हा ती दोघंच होती, आणि पाण्याचं तोंड, गढूळ, पालापाचोळ्याने भरलेलं, सावकाश मागून येत होतं.

बेलार्मिनो धापा टाकत उभा राहिला. समोर आलुबुखाराच्या रांगा होत्या. वरच्या दोन रांगांना कळ्या धरल्या होत्या. खालच्या चार काळ्या पडल्या होत्या, फांद्यांची सालं सुटून लोंबत होती. पाटाच्या या टोकाला तो शेवटचा कधी आला होता, ते त्याला आठवत नसावं.

"ही सगळी गेल्या वर्षी गेली?"

"जूनमध्ये."

"मला सांगितलं का नाहीस?"

"बेलार्मिनो," ती म्हणाली.

"हो. सांगितलंस." त्याने हॅट काढली, कपाळ पुसलं. "तू बेडकाचं सांगितलंस. झाडांचं सांगितलं नाहीस."

"झाडांचं सांगताना मला रडू येतं."

पाणी सेनाइदाच्या शेताच्या तोंडाशी लावलेल्या फळीपर्यंत आलं आणि अडलं. चढू लागलं. बेलार्मिनोने खाली वाकायचा प्रयत्न केला. खुबा वाकू देईना. मग त्याने सरळ काठावर बसकण मारली, दोन्ही हातांनी फळी धरली आणि उपसायला सुरुवात केली.

"ए," सेनाइदा म्हणाली.

त्याने वर बघितलं.

"फळी उघडायचा अधिकार कोणाचा?"

"काय?"

"हक्कदाराने आपल्या मनाने फळी काढायची नसते. पाटकऱ्याला विचारावं लागतं. किती जणांना झापलंस तू त्यावरून? ओनोफ्रेला तर भर रस्त्यात."

बेलार्मिनोचे हात फळीवर तसेच राहिले. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ थरथरले, आणि पोटातून एक हसू असं फुटलं, की तो चिखलातच मागे कलंडला. सेनाइदाही हसत सुटली. पाटाच्या दोन काठांवर ते दोघं म्हातारे पोट धरून हसत होते, आणि पाणी फळीवरून ओघळू लागलं होतं.

शेवटी तो उठून बसला. डोळे पुसले. हॅट काढून छातीशी धरली.

"पाटकरीणबाई, पाणी सोडू का?"

सेनाइदाने वारा कुठून येतोय ते बघितलं. डोंगरावरचं बर्फ बघितलं. त्याला चांगलं ताटकळत ठेवलं.

"सोड," ती म्हणाली.